वीस मिनिटं चालतो आणि दम टाकतो : पंप उतरवण्याआधी काय पाहाल

मुरबाडकडच्या एका शेतकऱ्याने विचारलं आहे. तीन सिलिंडरचा, ४० एचपीच्या आसपासचा, बारा वर्षांचा ट्रॅक्टर. चिखलणीला रोटाव्हेटर लावला की पंधरा-वीस मिनिटं झकास चालतो, मग हळूहळू दम टाकतो, आवाज बसतो, कधी बंदच पडतो. दहा मिनिटं उभा केला की पुन्हा पहिल्यासारखा. दोन्ही डिझेल फिल्टर दोनदा बदलून झाले. गावातला मेकॅनिक म्हणतो, इंजिनात दाबाने डिझेल पाठवणारा पंप गेलाय, उतरवून कॅलिब्रेशनला, म्हणजे डिझेलचं माप तपासून जुळवायला पाठवू. रोप तयार आहे, आवणी तोंडावर आली आहे, पंप देऊ का?

दादा, आज देऊ नका. पंप खराब नसेलच अशी हमी ट्रॅक्टर न बघता मी देणार नाही. पण तुम्ही सांगितलेल्या लक्षणांत दोन गोष्टी पंपाच्या विरोधात साक्ष देतात. एक, वीस मिनिटं तो पूर्ण ताकदीने चालतो. दोन, फक्त दहा मिनिटांत सावरतो. झिजलेला पंप दहा मिनिटं उभा राहून बरा होत नाही. वाट तुंबलेली असेल तर मात्र उभं राहिल्यावर मोकळी होते. त्यामुळे माझा पहिला संशय टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या (टाकीतून डिझेल ओढून मोठ्या पंपाला देणारा छोटा पंप) हातभर नळीवर आहे.

माझं गॅरेज शीळफाट्याजवळ. अठ्ठावीस वर्षांत इथे तीन तऱ्हेचे ट्रॅक्टर येताना पाहिले. पडघा-भिवंडीकडचे वीटभट्टीवाले, नवी मुंबईच्या बांधकामांना पाणी पोचवणारे टँकरवाले आणि जून उजाडला की शहापूर-मुरबाडचे भातवाले. तिघांचीही तक्रार एकच, ‘पॉवर नाही’. पण भट्टीवाल्याचा एअर क्लीनर राखेने आणि मातीने भरलेला असतो. टँकरवाल्याचं इंजिन दिवसचे दिवस चालून खरोखर झिजलेलं असतं. भातवाल्याच्या टाकीत पाणी असतं. तुम्ही तिसऱ्या गटातले, म्हणून सुरुवात टाकीपासून. भट्टीवाल्याने विचारलं असतं तर सुरुवात वेगळीकडून केली असती.

त्याआधी एक खात्री करून घ्या. ताकद खरंच इंजिनाची जाते का? दम टाकतो त्या क्षणी आरपीएमच्या काट्याकडे बघा. काटा वरच आहे आणि चाकं किंवा रोटाव्हेटर मंदावले, तर क्लच घसरतोय. मग डिझेलकडे बघण्यात अर्थ नाही. काटाही पडतो आणि इंजिन घुसमटल्यासारखं वाटतं, तर आपण बरोबर वाटेवर आहोत. चिखलात ब्रेक चिकटून राहिले तरी इंजिन असंच दमतं. त्यासाठी ट्रॅक्टर सपाट जागी न्यूट्रलला ठेवून हाताने ढकलून पाहायचा. हे दोन मिनिटांचं काम आहे, पण क्लच घसरत असताना नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे) बदललेले ट्रॅक्टर माझ्याकडे आलेले आहेत.

आता धूर. तुम्ही धुराबद्दल काहीच लिहिलेलं नाही आणि मला सगळ्यात जास्त तेच हवं होतं. इंजिन दमतंय आणि सायलेन्सरमधून काळा धूर ओततोय, तर डिझेल पोचतंय, ते जळायला हवा कमी पडते किंवा नोझल नीट फवारत नाही. इंजिन दमतंय आणि धूर उलट कमी झालाय, नळकांडं जवळजवळ स्वच्छ दिसतंय, तर डिझेलच पोचत नाही. उपाशी माणूस ढेकर देत नाही, तसंच हे. पांढरा धूर असेल तर डिझेल न जळता बाहेर पडतंय, म्हणजे त्यात पाणी, टायमिंग मागे गेलेलं किंवा कॉम्प्रेशन कमी. निळा धूर ऑइलचा, त्याचा आजच्या प्रश्नाशी संबंध नाही. तुमच्याकडे धूर कमी होत असावा असं धरून पुढचं लिहितो. काळा येत असेल तर आधी ऑइल बाथ एअर क्लीनरची (आत येणारी हवा ऑइलने गाळणारा) वाटी उतरवा. तळाशी गाळाचा थर बसला असेल तर धुऊन नवं ऑइल खुणेपर्यंतच भरा आणि मग पुढचं वाचा.

वीस मिनिटांचं गणित समजून घ्या, मग शोध सोपा होतो. असा ट्रॅक्टर नुसता उभा चालू असताना तासाला लिटरभर डिझेल खातो. रोटाव्हेटर ओढताना तोच पाच ते सात लिटर मागतो. वाट अर्धी तुंबली असेल तरी लिटरभर आरामात जातं, म्हणून अंगणात तो कधीच नखरे करत नाही. मेकॅनिकने अंगणात चालू करून बघितला, तर त्याला सगळं ठीकच दिसणार. शेतात मात्र जेवढं जातं त्यापेक्षा जास्त खर्च होतं. फिल्टरच्या वाटीत आणि पंपात साठलेलं डिझेल संपत जातं आणि ओढ वाढते. त्या ओढीने टाकीच्या तळाचा कचरा नळीच्या तोंडाशी येऊन बसतो. इंजिन बंद केलं की ओढ थांबते, कचरा सुटून खाली बसतो आणि दहा मिनिटांनी सगळं पूर्ववत. पुन्हा वीस मिनिटांनी तेच.

पहिली तपासणी फुकटची. टाकीच्या झाकणाला हवा आत घेण्यासाठी बारीक भोक असतं. ते बुजलं की डिझेल खाली जाईल तशी टाकीत पोकळी तयार होते आणि एका घटकेला डिझेल खाली यायचंच थांबतं. बाटली तोंडाला लावून पाणी ओढत राहिलं की बाटली चेपते, तोच प्रकार. ट्रॅक्टर दमला की लगेच, इंजिन चालू असतानाच, झाकण सैल करा. ‘सुस्स’ असा हवा आत ओढल्याचा आवाज आला आणि इंजिन सावरलं, तर रोग सापडला. मागे शहापूरकडचा एक ट्रॅक्टर टेम्पोत घालून माझ्याकडे आणला होता. पंप कॅलिब्रेट केलेला, तिन्ही नोझल नवे. झाकण उघडून बघितलं तर कुंभारीण माशीने भोकात माती भरून घर केलेलं. उन्हाळाभर गोठ्याशेजारी उभा होता, तेवढ्यात तिने संसार थाटला. साध्या तारेने भोक मोकळं केलं. त्या गृहस्थांचा चेहरा बघवत नव्हता. तुम्ही शेतात झाकण सैल ठेवून चालवणार असाल तर पावसाचं भान ठेवा. वर प्लास्टिकचा कागद हलका झाकून ठेवा, नाहीतर एक रोग शोधताना दुसरा आत घ्याल.

झाकणाने फरक पडला नाही तर फीड पंपाला टाकीकडून येणारी नळी सोडा आणि डिझेल स्वच्छ कॅनमध्ये पडू द्या. टाकी पंपापेक्षा वर आहे, म्हणजे धार आपोआप पडायला हवी. माझा अंदाजाचा गज असा : लिटरची बाटली दोन-तीन मिनिटांत भरली पाहिजे. पण एवढ्यावर थांबू नका, इथेच बहुतेक जण फसतात. पहिली बाटली नेहमी छान भरते, कारण कचरा अजून तोंडाशी आलेला नसतो. दहा-बारा लिटर सलग सोडा आणि धार मध्येच बारीक होते का, थांबून पुन्हा सुटते का, याच्याकडे लक्ष ठेवा. बारीक झाली तर नळीतून टाकीच्या दिशेने हवा मारा. टाकीत बुडबुडे आले आणि धार परत जोरात आली, तर टाकी उतरवून धुवायची वेळ झाली आहे. हवा मारून काम भागलं असं समजू नका, तो कचरा अजून आतच आहे.

हा कचरा येतो कुठून? आपल्या कोकणपट्टीची हवा दमट. भात निघालं की ट्रॅक्टर बऱ्याच घरी महिनोन् महिने अर्ध्या टाकीवर उभा राहतो. दिवसा टाकी तापते, रात्री निवते, दरवेळी झाकणाच्या भोकातून ओली हवा आत जाते आणि तिचं पाणी होऊन तळाला बसतं. पाणी आणि डिझेल जिथे भेटतात त्या थरात जिवाणू आणि बुरशी वाढतात. त्याची काळपट, बुळबुळीत साय धरते. भाताच्या पेजेवरची साय काळी झाली तर जशी दिसेल तशी. ती टाकीतल्या नळीच्या तोंडाच्या जाळीवर चिकटते, ओढ थांबली की सुटते. तुम्ही दोनदा फिल्टर बदललेत ना, तेव्हा काही दिवस बरा चालला का? चालला असेल तर साय किंवा गंज टाकीतून येतोय हे जवळजवळ नक्की. जुना फिल्टर फेकला नसेल तर करवतीने कापून कागद उलगडा. काळा चिकट थर म्हणजे साय, तांबूस पूड म्हणजे टाकीचा गंज. फिल्टर धुऊन परत घालणाऱ्यांबद्दल मात्र मी काही लिहीत नाही, उगाच तोंड खराब होतं.

पाणी बघायला फिल्टरच्या वाटीचा खालचा ड्रेन स्क्रू सैल करून काचेच्या बाटलीत पाव लिटर घ्या आणि अर्धा तास ठेवा. पाणी तळाला वेगळं दिसेल. पंपाचा प्लंजर (डिझेल दाबणारा दांडा) आणि त्याचं बॅरल (तो ज्यात सरकतो ती नळी) यांच्यातली फट दोन-चार मायक्रॉनची असते, केसाच्या जाडीच्या विसाव्या भागाएवढी. तिथे पाण्याचा थेंब बसला आणि ट्रॅक्टर आठवडाभर उभा राहिला, तर गंज चढतो. तेव्हा मात्र तुमच्या मेकॅनिकचं म्हणणं खरं होतं.

दुसरी शक्यता हवा धरण्याची. इथे एक गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. फीड पंपाच्या पुढच्या बाजूला गळती असेल तर डिझेल बाहेर ठिबकतं आणि दिसतं. टाकी आणि फीड पंप यांच्यामधला भाग मात्र ओढीचा. टाकीत डिझेल कमी झालं किंवा वाट तुंबली की तिथल्या फटीतून डिझेल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते, आणि बाहेरून सगळं कोरडं ठणठणीत दिसतं. म्हणून ‘कुठेच गळत नाही’ म्हणजे ‘सगळं ठीक आहे’ असं नाही. भेगाळलेली रबरी नळी, बंजो बोल्टचे (नळी जोडणारा पोकळ बोल्ट) चपटलेले तांब्याचे वॉशर, फिल्टरच्या वाटीचा गॅस्केट या तीन जागा आधी बघा. फिल्टर दोनदा बदलताना जुना गॅस्केट वरच चिकटून राहिला आणि त्यावर नवा बसला, असं अनेकदा होतं. खात्रीसाठी फीड पंपाच्या आधी वीतभर पारदर्शक डिझेल नळी जोडा आणि शेतात चालवा. बुडबुडे पळताना दिसले तर हवा तिच्या मागच्या बाजूने येते.

हवा काढण्याचा क्रम तुम्हाला माहीत असेलच. हँड प्रायमर (डिझेल पुढे ढकलायचा हातपंप) मारत आधी फिल्टरचा स्क्रू, मग पंपाचा, शेवटी स्टार्टर मारत नोझलचे नट. पण दर दोन दिवसांनी हवा काढावी लागत असेल तर ते काम नव्हे, ती खूण आहे.

या सगळ्याचा निकाल एका तपासणीत लागतो आणि माझ्या मते तीच सगळ्यात मोलाची. पाच लिटरच्या स्वच्छ कॅनमध्ये ताजं, गाळलेलं डिझेल घ्या. तो पंपापेक्षा उंच, सायलेन्सरपासून लांब, हलणार नाही असा घट्ट बांधा. त्यातून नवी नळी थेट फीड पंपाला द्या. टाकीची नळी बाजूला बंद करून ठेवा. हवा काढा आणि रोटाव्हेटर लावून अर्धा तास चिखलणी करा. दम टाकला नाही, तर दोष टाकीकडचा : झाकण, जाळी, नळी किंवा कचरा. तसाच दमला, तर दोष पुढचा. एवढी साधी गोष्ट, पण पंप उतरवण्याआधी ती करणारा मेकॅनिक मला क्वचित भेटतो.

मी तरी कुठे करत होतो? गॅरेज टाकल्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी असाच एक ट्रॅक्टर आला. मी थाटात पंप उतरवला, कॅलिब्रेशनला पाठवला. चार दिवस गेले, पंप परत बसवला, ट्रॅक्टर शेतात गेला आणि वीस मिनिटांत बंद. शेवटी टाकीत हात घातला तर कॅनच्या तोंडाला लावलेल्या प्लास्टिक पिशवीचा तुकडा निघाला. तळावर फिरायचा आणि ओढ वाढली की नेमका तोंडावर जाऊन बसायचा. मधल्या आठ दिवसांत त्यांचं रोप पिकून गेलं, उशिरा आवणी करावी लागली. पंपाचं बिल मी घेतलं नाही, पण भात काही मी भरून देऊ शकलो नाही. आजही हमरस्त्यावरच्या पंपावरून कॅनमधून डिझेल आणणारा शेतकरी दिसला की मी आधी कॅनचं झाकण कशाचं आहे ते बघतो.

कॅन लावूनही दमला तर पुढची वाट धरा. फीड पंपाच्या तोंडाला बारीक जाळी असते, ती फिल्टर बदलताना कुणी काढत नाही. काढा, धुवा. फीड पंप डायफ्रॅमचा (लवचिक पडद्याचा) असेल तर ऑइलची काडी बघा. पातळी वाढली असेल आणि डिझेलचा वास येत असेल, तर डायफ्रॅम फाटून डिझेल ऑइलमध्ये उतरतंय. अशा ऑइलवर एक तासही चालवू नका, बेअरिंग जातील. इनलाइन पंप (नोझलचे पाइप एका रांगेत निघतात तो) असेल तर त्याच्या परतीच्या नळीवरचा ओव्हरफ्लो व्हॉल्व्ह बघा. त्याची स्प्रिंग मेली की पंपात दाबच टिकत नाही, डिझेल सगळं परतीला जातं आणि ताकद पडते. वस्तू लहान आणि स्वस्त, पण तिच्या पापाचं खापर नेहमी पंपाच्या माथी फुटतं.

आणखी एक, अगदी हसण्यावारी नेण्यासारखं. पाय पूर्ण दाबल्यावर पंपावरचा लीव्हर खरंच शेवटच्या स्क्रूला टेकतो का, हे दुसऱ्या माणसाला खाली बघायला लावा. लिंकेजच्या पिना झिजल्या की पाय फळीला टेकतो आणि लीव्हर अर्ध्यावरच राहतो. मात्र ही तक्रार वीस मिनिटांनी सुरू होत नाही, पहिल्या मिनिटापासून असते. नोझलचंही तसंच. खराब नोझल सकाळीही खराब आणि दुपारीही खराब. तरी शंका असेल तर मंद गतीवर एकेका नोझलच्या पाइपचा नट अर्धा फेरा सैल करा. आवाज बदलला तर तो सिलिंडर काम करत होता, नाही बदलला तर तोच आळशी. फवाऱ्यासमोर हात नेऊ नका, गळती पुठ्ठ्याने बघा. त्या दाबाचं डिझेल कातडी फोडून आत शिरतं आणि बोट कापायची पाळी येते. नोझल काढलाच तर जुना तांब्याचा वॉशर भोकात चिकटून राहिलेला नाही ना, हे टॉर्च मारून बघा. दोन वॉशर एकावर एक बसले की नोझल वर उचलला जातो आणि फवारा चुकीच्या जागी पडतो.

हे नट सैल करणं तुमच्या जुन्या यांत्रिक पंपापुरतंच. १ जानेवारी २०२३ पासून ५० एचपीवरच्या नव्या ट्रॅक्टरांना ट्रेम-४ हे धुराच्या प्रदूषणाचं मानक लागू झालं आणि त्यांतल्या बहुतेकांत कॉमन रेल, म्हणजे सगळ्या नोझलना एकाच मोठ्या दाबाच्या नळीतून डिझेल देणारी रचना आली. त्या पाइपांत हजार बारच्या वर दाब असतो. तिथे पाना लावायचा नाही, स्कॅनर लावायचा.

पंप खरोखर दोषी केव्हा? रोटरी पंप (पाइप एका गोल डोक्यातून निघतात तो) झिजला की थंड असताना चालतो, तापला की आतलं डिझेल पातळ होऊन फटीतून निसटतं आणि ताकद जाते. म्हणजे तोही काही वेळाने दमतो, हे मान्य. फरक सावरण्यात आहे. तापलेला पंप निवायला दहा मिनिटं पुरत नाहीत, तासभर लागतो, आणि गरम असताना बंद केलेला ट्रॅक्टर परत लवकर चालू होत नाही. तुमचा दहा मिनिटांत चालू होऊन लगेच लोड घेतो, म्हणूनच मला टाकीचा संशय. काही जण तापलेल्या पंपावर बादलीने पाणी ओततात. ते करू नका, आतला रोटर अडकून पंप कायमचा जातो.

कॅनची तपासणी, फीड पंप, ओव्हरफ्लो व्हॉल्व्ह, लीव्हर सगळं झालं आणि तरी दमतोय, तर पंप द्या. उतरवण्याआधी पंपाची फ्लँज (इंजिनाला बोल्टने बसणारी कड) आणि इंजिन यांच्यावर छिन्नीने टायमिंगची एक रेघ मारा, पाइपांना क्रमांक द्या आणि उघडी तोंडं प्लास्टिकच्या टोप्यांनी बंद करा. चिंध्या कोंबू नका, त्यांचे धागे आत जातात. नोझलही पंपाबरोबर पाठवा आणि कॅलिब्रेशनवाल्याकडून उतरवतानाचे आणि दुरुस्तीनंतरचे, दोन्ही वेळचे आकडे लिहून घ्या. सील तोडून ‘जरा डिझेल वाढवून देतो’ म्हणणाऱ्याला लांब ठेवा. चार दिवस ताकद वाढल्यासारखी वाटते, मग काळा धूर आणि तापलेलं इंजिन.

आता तुमच्याकडून मला तीन गोष्टी हव्यात. दमल्यावर झाकण सैल केलं तर आवाज आला का? धूर काळा होतो की कमी होतो? आणि पंप इनलाइन आहे की रोटरी, म्हणजे नोझलचे पाइप एका रांगेत निघतात की एका गोल डोक्यातून? उद्या सकाळी शेतात जाताना कॅन आणि दोन मीटर नळी सोबत घेऊन जा. दुपारपर्यंत कळवलंत तर संध्याकाळी पुढचं सांगतो, तोवर पंपाच्या बोल्टला पाना लावू देऊ नका.